बाबामियाँच्या भिंतीवरचा उजेड

१

माकणीच्या महांतप्पांना जेवल्यावर छातीत जळजळायचं. ही तक्रार जुनी होती आणि डॉक्टर पंचाक्षरींची सोड्याची पांढरी पूड हा त्यावरचा उपायही जुनाच होता. त्या दुपारी त्यांची विधवा सून पार्वतम्मा हिनं नेहमीसारखी पुडी सोडली, पेल्यातल्या पाण्यात कालवली, सासऱ्याच्या हातात दिली आणि ती परसात भांडी घासायला गेली. उन्हं कलायच्या आत म्हातारा ओकून ओकून पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या आधी तो संपला.

लिंगायताचं घर. माती द्यायला खड्डा खणून तयार होता. तेवढ्यात पुतण्या गुंडप्पानं हात आडवा घातला.

"ह्ये साधं मरण न्हाय," तो म्हणाला. "पोलिसाला बोलवा."

पोलीस आले. पेल्याच्या बुडाशी राहिलेला गाळ तपासाला गेला, म्हाताऱ्याचं पोटही तपासलं गेलं. दोन्हीकडं सोमल निघाला. घराच्या माळ्यावर उंदरांसाठी आणलेली सोमलाची पुडी सापडली. औषधाचा कागद पार्वतम्मानं चुलीत घातला होता, रोज घालायची तसाच. एवढं पुरेसं झालं. तिला उस्मानाबादला नेऊन तुरुंगात ठेवलं.

तिचा थोरला भाऊ आळंदहून आला आणि आयुब वकिलांच्या ओसरीवर बसून राहिला. आयुब वकील हैदराबादला उर्दूत कायदा शिकलेले. निजामी गेली, मग भाषावार राज्यं जुळली, कोर्टाचे कागद मराठीत आले, तेव्हा या माणसानं वयाच्या चाळिशीत पाटी घेऊन बाळबोध लिपी गिरवली होती. फौजदारीत त्यांचं नाव होतं. पण तुरुंगाच्या जाळीपलीकडं बसलेल्या बाईनं पहिल्याच वाक्यात त्यांचे हात बांधून टाकले.

"पूड म्याच दिली, वकीलसाब. माज्या हातानं दिली."

"ते ठाऊक आहे, बाई. पण सोमल तुम्ही घातला का?"

"न्हाय. पुडी सोडली, पाण्यात टाकली. मामंजी म्हनले, आज गोड लागंना, खारट बी लागंना. मी म्हनलं, प्या की. मी म्हनलं म्हनून पिले." तिनं पदर तोंडावर घेतला. "मग मारलं म्याच की."

हेच वाक्य तिनं पोलिसांनाही सांगितलं होतं आणि त्यांनी ते कबुलीजबाब म्हणून उतरवून घेतलं होतं.

आयुब वकील बाहेर आले, पण त्यांच्या कानात एक शब्द अडकून राहिला. खारट. सोड्याची पूड खारट लागते. म्हाताऱ्याला ती खारट लागली नव्हती. पार्वतम्मानं सोड्यात सोमल कालवला असता, तरी खारटपणा राहिलाच असता.

म्हणजे त्या पुडीत सोडा नव्हताच. नुसता सोमल होता.

२

माकणीत ते पोचले तेव्हा भर दुपार होती. तेरणेकडून येणारं वारंसुद्धा तापलेलं होतं. पण गाव उन्हानं झोपलंय असं काही वाटेना. दारं लावलेली होती, आणि नुसती लोटलेली नव्हती, आतून कड्या घातलेल्या होत्या. गल्लीच्या टोकाला एक दगडी घर होतं. दाराला गंजलेलं कुलूप, उंबऱ्यात बाभळीचं रोपटं उगवलेलं. घराची दर्शनी चुन्याची भिंत मात्र अजून पांढरी होती. त्या घरासमोरून जाताना टांगेवाल्यानं घोड्याला विनाकारण चाबूक मारला.

गुंडप्पा आडदांड माणूस. चुलत्याच्या घराला त्यानं स्वतःचं कुलूप घातलं होतं आणि त्याच ओट्यावर तो बसला होता.

"वकीलसाब, तुमी कुणाच्या बाजूनं आलाव, मला ठावं हाय," तो म्हणाला. "पन माजं ऐका. चुलत्यानं मला ल्हानाचा मोठा केला. जमीन मला मिळंल म्हनून मी बोंबलायलाव, असं गाव म्हनतंय. म्हनू द्या. सोमल तर खोटा न्हाय ना?"

"नाही. सोमल खरा आहे," आयुब म्हणाले. "पुडी कुणी आणली होती?"

"तीच. डाक्टराकडनं. अन् सांगतो, डाक्टर बी तिला सामील हाय."

"कशावरून?"

"चुलता ओकायला लागला तवा मी पळत डाक्टराकडं गेलो. म्हनलं, काय दिलं तुमी? तर त्यो माज्या तोंडाकडं बघंना. माज्या कानाकडं बघत बोलायला हुता. असा, तिरका. खऱ्या मानसाची नजर अशी असती व्हय?"

"मग तो घरी आला का?"

"आला. दगडाधोंड्यातनं नीट चालत आला. इथं उंबऱ्यावर बी अडखळला न्हाय. चुलत्याची नाडी बघितली. पन चुलत्याच्या तोंडाकडं एकदा बी सरळ बघितलं न्हाय. मेल्यापास्नं दवाखाना बंद करून बसलाय. पाप केल्याबिगर मानूस असा बसतो का?"

आयुब उठले. जाता जाता त्यांनी विचारलं, "ते कुलूपबंद घर कुणाचं?"

गुंडप्पाचा आवाज एकदम खाली आला. "बाबामियाँचं. निजामी पडली तवा, पोलीस ॲक्शनच्या वक्ताला, एका सकाळी त्यो घराला कुलूप लावून निघाला. पुन्हा दिसला न्हाय." त्यानं गल्लीच्या टोकाकडं मान केली. "आता दिसायलाय."

"म्हणजे?"

"दुपारच्याला बघा त्या भिंतीकडं. न्हाय, नका बघू. ज्यानं बघितलं त्याला त्यो धरतो."

३

भिंतीवर उजेड चालतो, असं गाव सांगत होतं. ताटाएवढा उजेडाचा गोळा. रात्री नाही, भर दुपारी. उन्हाहून लख्ख. तो भिंतीवर थरथरतो, सरकतो, दारापाशी येऊन थांबतो, जणू कुणी हातानं चाचपत किल्ली शोधतंय. कधी विझतो, कधी पुन्हा पेटतो. आधी पोरंठोरं ओरडली, मग बायांनी पाहिलं, मग बाप्यांनी. बाबामियाँ घरी आलाय म्हणाले. तो गेला त्या सकाळी वेशीपर्यंत त्याच्याबरोबर कोण कोण चाललं होतं, हे मात्र कुणी कुणाला विचारत नव्हतं. आयुब वकिलांनीही विचारलं नाही. उस्मानाबादच्या मुसलमानाला ते दिवस कसे होते हे सांगायला लागत नाही. पण दारांच्या कड्या कुणाच्या भीतीनं लागतात, हे त्यांना बाबामियाँचं नाव ऐकल्यावर कळलं होतं.

हसीनाबी त्या घराच्या अगदी समोर राहायची. गावात राहिलेली ती म्हातारी एकटीच दार उघडं टाकून बसलेली होती. तिनं आयुबांना खाटेवर बसवलं.

"मला भ्यायची काय गरज, बेटा? बाबामियाँ माझा मावसभाऊ. आला तर सलाम करीन." ती हसली, पण मग हळूच म्हणाली, "आला होता मात्र खरा. त्याच दिवशी मलाबी धरलं होतं."

"कोणत्या दिवशी, खाला?"

"महांतप्पाला ओकाऱ्या लागल्या तो दिवस. पोट फुगलं होतं. डाक्टरकडनं पुडी आणली, घेतली. अन् असं ओकले, असं ओकले! आतडी बाहेर येतील वाटलं. त्याच्या थोडे दिवस आधी मी उजेडाकडं टक लावून बघितलं होतं ना. लोक म्हणाले, महांतप्पानंबी बघितलं होतं. त्याला नेलं, मला सोडलं. रक्ताचं नातं आहे, म्हणून सोडलं."

आयुब खाटेवर सावरून बसले. "पुडी घेण्याआधी तुम्ही जेवला होता?"

"सालन, खिचडी, वर दूध. पोटाला तडस लागली म्हणून तर पुडी घेतली. तीबी अर्धीच. चव काहीच न्हवती, पीठ खाल्ल्यावानी. उरलेली चुलीत टाकली."

भरल्या पोटी अर्धी पुडी, आणि सगळं उलटून पडलं. महांतप्पांनी पूर्ण पुडी पाण्यातून घेतली होती. दोन घरं, त्यात कसलंच नातं नाही. पार्वतम्मानं या घरात पाऊलही टाकलेलं नव्हतं. दोन्ही घरांत त्या दिवशी एकच गोष्ट गेली होती.

"खाला, हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलंच नाही, बेटा. अन् भुताचं पोलिसांना काय सांगायचं?"

दारापर्यंत सोडायला येताना तिला काहीतरी आठवलं. "डाक्टर पण बदललाय बघ. वीस वर्षं मला खाला खाला करतो. त्या दिवशी समोर उभी राहिले, सलाम केला, तर परक्यावानी बघतो. 'बाई, कुठल्या तुम्ही?' मी बोलले, अरे मी हसीना, तेव्हा कुठं ओळखलं. आवाजावरून."

आयुब उन्हात उतरले. समोरच्या भिंतीवर उजेड नव्हता. भिंतीला पाठ लावून ते उभे राहिले आणि भिंत ज्या दिशेला बघत होती त्या दिशेला त्यांनी पाहिलं. हसीनाबीच्या बुटक्या छपरावरून, चिंचेच्या दोन शेंड्यांच्या मधून एकच माडी दिसत होती. माडीची खिडकी बंद होती.

ती माडी डॉक्टर पंचाक्षरींची होती.

४

डॉक्टर पंचाक्षरी हे खरं तर डॉक्टर नव्हते. हैदराबादच्या लष्करी इस्पितळात ते कंपाउंडर होते. निजामी संपता संपता गावी परत आले आणि दवाखाना घातला. हाताला गुण होता. कुणाच्या दारी गरिबी दिसली तर ते औषध तसंच द्यायचे. गाव त्यांना मानायचं.

दार त्यांच्या बायकोनं, नागम्मानं उघडलं. वकील आले म्हटल्यावर ती घाबरली, पण ओसरीवर घोंगडी टाकून पाणी दिलं.

"वर बसलेत," ती म्हणाली. "खाली येत न्हाईत. जेवायला बी वरच."

"कधीपासून, अक्का?"

"महांतप्पा काका गेल्यापास्नं. पन त्याआधीच लई दिवस बिनसलेलं हुतं. आधी डोस्कं दुखतंय म्हनायचे. मग झोपंत बरळायचे. लोकांना तोंडं न्हाईत, तोंडं न्हाईत, असं." तिनं इकडंतिकडं पाहिलं. "बाबामियाँनं धरलंय त्यास्नी. मी गुपचूप देवऋषाला विचारून आले. त्यो म्हनला, घर धुऊन काढ, गोमूत्र शिंपड, एक बी वस्तू जागची हलवल्याबिगर ठिवू नको, कोपऱ्यात बसलेलं असतं. तसं केलं. भांडी, गाडगी, फळ्या, दवाखान्याचं कपाट, समदं."

"दवाखान्याचं कपाटसुद्धा?"

"व्हय. ह्ये झोपले हुते तवा. बाटल्या पुसल्या, उंचीनं लावल्या, बारक्या म्होरं, मोठ्या मागं. लई छान दिसायलंय बघा आता." तिचे डोळे भरले. "पन दुसऱ्याच दिवशी महांतप्पा काकांचं तसं झालं. भूत काय गेलं न्हाय."

आयुबांच्या हातातला पेला तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि विचारलं, "मी वर जाऊ?"

माडीवर अंधार होता. खिडकीची झडप लावलेली, तिच्या फटींतून उन्हाच्या सुया आत आलेल्या. कोपऱ्यात पितळी तिवईवर काहीतरी पोत्यानं झाकून ठेवलेलं होतं. झडपेच्या लाकडावर बारीक बारीक गोल डाग होते, काळे, कुणी विडीनं चटके द्यावेत तसे. पण त्या घराला तंबाखूचा वास नव्हता.

डॉक्टर पंचाक्षरी खुर्चीत बसले होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली आणि आयुबांच्या डाव्या खांद्यावरून पलीकडं पाहत म्हणाले, "या. कोण?"

"आयुब वकील, उस्मानाबादहून. पार्वतम्मांच्या कामानं आलोय."

डॉक्टरांचे ओठ हलले. "ती पोर असं करणार न्हाय," ते म्हणाले. "मी सांगतो तुम्हाला. तिला सोडवा."

"तुम्ही पुड्या दिल्या त्या सोड्याच्याच होत्या ना?"

"सोड्याच्याच. किती वर्षं देतोय. डोळे मिटून सांगंन कुठली बाटली ती."

  मग आयुब अगदी सहज म्हणाले,

"डॉक्टरसाहेब, एसटीत उपाशी बसलो. माझ्याही छातीत जळजळतंय. एक पुडी द्याल?"

५

"दवाखाना बंद हाय," डॉक्टर म्हणाले.

"एकच."

डॉक्टर उठले. जिना त्यांनी भराभर उतरला, कठड्याला हातही न लावता. दवाखान्याच्या खोलीचं दार उघडलं, स्टूल पायानं बाजूला सारलं. या माणसाला दिसत नाही असं कुणीही म्हटलं नसतं.

कपाटासमोर मात्र ते थांबले. त्यांनी बाटल्यांकडं पाहिलं नाही. डाव्या हाताचं बोट दुसऱ्या फळीच्या काठावरून सरकवत नेलं, ओठांत मोजलं, आणि एका रुंद तोंडाच्या बरणीवर ते टेकलं. झाकण काढलं. चमचा भरला. कागदाचा चौकोन पुढ्यात ओढून त्यावर पांढरी पूड घातली, दोन घड्या, मग दोन टोकं आत. इतकी सुबक पुडी आयुबांनी कधी पाहिली नव्हती.

"गार पाण्यातनं घ्या," डॉक्टर ती पुढं करत म्हणाले. "लगेच आराम पडंल."

आयुबांनी पुडी हातात घेतली. बरणी त्यांच्या अगदी समोर होती. तिच्यावर तांबड्या शाईनं कवटी काढलेली होती आणि खाली ठळक अक्षरांत एकच शब्द लिहिला होता. सोमल.

 चाळिशीत शिकलेली ती अक्षरं त्यांनी दोनदा वाचली.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "या बरणीवर काय लिहिलंय?"

"सोडा बायकार्ब. मीच लिवलंय."

"बरं. आता माझ्या तोंडाकडं बघा. सरळ. काय दिसतं?"

डॉक्टर वळले.  मग त्यांचा आवाज आला, कुठल्यातरी खोल जागेतून यावा तसा.

"टोपी दिसती. खांदे दिसतेत. मागचं दार दिसतं."

"आणि मध्ये?"

"मधी कुणीच न्हाय."

६

पुडी मुठीत घट्ट धरून आयुब वकील स्टुलावर बसले आणि जे कळलं होतं ते त्यांनी सावकाश बोलून दाखवलं. त्यांना हे बोलायचं नव्हतं. पण तुरुंगात एक बाई फाशीच्या छायेत बसली होती.

"दुपारी बाबामियाँच्या भिंतीवर जो उजेड पडायचा, तो तुमच्या माडीतून पडायचा. तिवईवर आरसा आहे. खरं ना? झडपेवरचे चटके भिंगातून आलेल्या उन्हाचे आहेत. तुम्ही गुंडप्पाच्या कानाकडं बघत बोललात, हसीनाखालांना आवाजावरून ओळखलंत. पण जिना उतरताना अडखळला नाहीत. म्हणजे बाजूचं सगळं दिसतं, फक्त ज्याच्यावर नजर रोखाल तेच दिसत नाही. अक्षर म्हटलं की नजर रोखावी लागते. तेव्हा वाचणं संपलं. तुम्ही बाटल्या जागेवरून ओळखायला लागलात. आणि जागा बदलली."

"कुणी बदलली?" डॉक्टरांनी विचारलं.

दारातून उत्तर आलं. "म्या," नागम्मा म्हणाली. चौकट धरून ती खाली बसली. "म्याच हलवल्या. तुमचं भूत जावं म्हनून."

डॉक्टरांनी हात पुढं केला. "वकीलसाहेब, ती पुडी द्या मला."

"नाही," आयुब म्हणाले आणि त्यांनी मूठ खिशात घातली.

मग पंचाक्षरी बोलले. कधी एकदम, कधी थांबत थांबत.

लष्करानं मोडीत काढलेलं ते यंत्र त्यांनी हैदराबादच्या बाजारातून आणलं होतं. उन्हाच्या खुणा लांबवर पाठवायचा आरसा आणि त्याला जोडलेली दुर्बीण. आरसा फिरवून लांबच्या भिंतीवर ऊन नाचवायचं, हा आधी नुसता विरंगुळा होता. समोर पांढरी भिंत एकच होती. मग सूर्यावर डाग असतात हे त्यांना आठवलं आणि ते डाग बघायचा नाद लागला.

"दुर्बिणीतनं येणारं ऊन पांढऱ्या कागदावर पाडायचं अन् बिंब कागदावर बघायचं, ही खरी रीत. मला ठाऊक हुती. सुरुवातीला तसंच करायचो. पन कागदावर डाग पुसट दिसायचे. वाटलं, एकदा सरळ बघावं. काचेला दिव्याची काजळी धरली, दुर्बिणीवर लावली अन् डोळा लावला. काय सांगू तुम्हाला! तांबडा गोळा, अन् त्यावर मुंगीएवढे डाग. अन् जरा बी दुखलं न्हाय. दुखलं असतं तर डोळा काढला असता ना? त्या काजळीनं झगमग कमी झाली, आच कमी झाली न्हवती. मी बघतच राहिलो."

"मग?"

"खाली आलो तर उजव्या डोळ्यापुढं ठिपका. वाटलं, ऊन लागलंय, जाईल. दुसऱ्या दिवशी तो ठिपका खरा का खोटा, ह्ये बघायला..." त्यांनी डोळे मिटले. "...डावा डोळा लावला."

नागम्मा तोंडात पदर कोंबून रडत होती.

"कुणाला सांगितलं का नाही?"

"कंपाउंडराला वाचता येत न्हाय म्हटल्यावर त्याच्याकडं कोन येतंय? अन् खरं सांगू? मला वाटलं, ह्ये त्यानंच केलं. बाबामियाँनं. मी त्याच्या दारावर ऊन नाचवलं, म्हनून त्यानं लोकांची तोंडं नेली माज्यापुढनं. त्या सकाळी त्या लोकांसंगं तो वेशीकडं चालला तवा मी माडीच्या खिडकीत हुतो. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं न्हाय. बघितलं असतं तर खाली उतरावं लागलं असतं."



संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर आयुब, डॉक्टर आणि नागम्मा उभे होते. पोलिसांकडं जायला डॉक्टर स्वतःच्या पायांनी आले होते. गुंडप्पा समोरून आला, थबकला. आयुबांनी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग डॉक्टरांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला. त्याचा हात उगारला गेला.

"डाक्टर, मी कोन हाय?" त्यानं विचारलं.

"गुंडप्पा. आवाज गुंडप्पाचा हाय."

गुंडप्पाचा हात खाली आला. एसटी येईपर्यंत तो तिथंच उभा होता.

७

उस्मानाबादच्या कोर्टात सोलापूरहून डोळ्यांचे सर्जन आले. त्यांनी पंचाक्षरींच्या दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं होतं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा नेमका मधला भाग, जिथं नजर एकवटते, तो भाजून गेलाय, असं त्यांनी सांगितलं. त्या पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून भाजताना माणसाला पत्ता लागत नाही. जे गेलं ते परत येणार नाही. हसीनाबीनं साक्ष दिली, नागम्मानं दिली. ती बरणी कोर्टात मांडली होती. पंचाक्षरींनी काहीच नाकारलं नाही. हयगयीनं मरण घडवल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. ती ऐकून त्यांनी न्यायाधीशांकडं मान वळवली, थोडी तिरकी, आणि हात जोडले.

पार्वतम्मा सुटली.

तिला गावी न्यायला भाऊ आला नाही. आळंदला चल म्हणाला होता, ती नाही म्हणाली. आयुब वकील तिच्याबरोबर माकणीला आले. त्यांना वाटत होतं, घराच्या ताब्यावरून पुन्हा भांडण होणार. पण ओट्यावर गुंडप्पा नव्हता. कुलूप मात्र होतं.

"अर्ज करावा लागेल," आयुब म्हणाले. "आठवड्याभरात उघडून देतो."

पार्वतम्मानं इकडंतिकडं पाहिलं, ओट्याजवळचा वरवंट्याएवढा धोंडा उचलला आणि कडीवर घातला. दुसऱ्या घावाला कडी निखळली.

"कुलपाला काय अर्ज करायचा, वकीलसाब?" ती म्हणाली आणि आत गेली.

शेजारची दारं किलकिली झाली. कुणी बाहेर आलं नाही. कुणी पाणी विचारलं नाही. कोर्टानं सोडलेली बाई गावानं अजून सोडलेली नव्हती. ज्या हातानं सासऱ्याला पेला दिला तो हात सगळ्यांना दिसत होता. सोमल कुणी घातला, बरणी कुणी हलवली, हे कोर्टात ठरलं. पण पेला कुणी दिला यात बदल झाला नव्हता. हे तिलाही ठाऊक होतं. आतून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. आयुबांना वाटलं, जिथं म्हातारा पडला त्या जागेपाशी ती उभी असेल. आत जावं की न जावं, त्यांना कळेना.

मग चुलीचा धूर आला. भांडं वाजलं.

ती बाहेर आली ती कपबशी घेऊन. चहा काळाच होता. घरात दूध कुठून असणार? ओट्याच्या कडेला ती थांबली. गल्लीतली सगळी दारं तिच्याकडं बघत होती. तिनं कपातला थोडा चहा बशीत ओतला आणि बशी स्वतःच्या तोंडाशी नेली.

"हे काय करताय?" आयुबांनी विचारलं.

"आधी मी पिते," ती म्हणाली. "आता कुणाला बी काय बी द्यायचं तर आधी मीच पिनार. जन्मभर. मग तुमी घ्या."

आयुब वकील पुढं झाले. तिनं घोट घेण्याआधी त्यांनी तिच्या हातातून बशी काढून घेतली आणि तिथंच, उन्हात, सगळ्या गल्लीच्या देखत ती तोंडाला लावली. बशी संपवली. मग कपही संपवला.

"साखर कमी पडली, बाई," ते म्हणाले. "अजून आहे का?"

पार्वतम्मा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसत आधण वाढवायला ती आत वळली. पलीकडं एका दाराची कडी निघाल्याचा आवाज आला.